शेवगा, कढीपत्ता, कडुनिंब: पाला नेमका कधी तोडायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या बांधावर अकरा शेवगे आहेत, परसात दोन कढीपत्ते आणि वाटेवर एक जुना लिंब. सासर बार्शीकडचं, माहेर मालवणचं, त्यामुळे पाला खाण्याच्या दोन्हीकडच्या तऱ्हा माहीत आहेत. घरापुरता पाला वाळवता वाळवता नातेवाइकांना, मग त्यांच्या ओळखीच्यांना द्यायला लागले, आणि तेव्हापासून हे प्रश्न येताहेत. तेच तेच परत लिहिण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवते. उत्तरं मुख्यतः शेवग्याची आहेत कारण विचारणारे जास्त त्याचेच, बाकीची झाडं पुढे येतात.

१. पाला कधी तोडला याने खरंच एवढा फरक पडतो का? पान ते पानच ना?

पडतो. पान म्हणजे डब्यात भरून ठेवलेली वस्तू नाही, ते जिवंत आहे, रोज काहीतरी बनवतं आणि रोज काहीतरी वापरतं किंवा झाडाला परत देतं. कोवळं असताना त्यात नायट्रोजन म्हणजे पर्यायाने प्रथिनं जास्त, पाणी जास्त, चोथा कमी. मग ते पूर्ण उमलतं, गडद होतं, त्यात हरितद्रव्य आणि त्याच्या जोडीने कॅरोटीन भरतं. जून झालं की चोथा वाढतो, आणि गळायच्या आधी झाड त्यातला नायट्रोजन, स्फुरद, पालाश हळूहळू ओढून घेतं आणि खोडात, नव्या फुटीत वापरतं.

कॅल्शियमचं मात्र उलटं आहे. ते पाण्याबरोबर पानात येतं आणि तिथेच अडकतं, झाडाला ते परत काढून घेता येत नाही. म्हणून जून पानात कॅल्शियम जास्त आणि कोवळ्यात कमी असतं. एवढी एक गोष्ट नीट कळली तरी पुढचे निम्मे प्रश्न सुटतात, कारण "सगळ्यात गुणकारी पान" असं एकच पान नसतं, तुम्हाला त्यातलं काय हवंय ते आधी ठरवावं लागतं.

आकड्यांबद्दलही इथेच सांगते. शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात सी जीवनसत्त्व किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात २२० मिलिग्रॅम दिलंय, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात ५१.७. एकाच झाडाचा पाला, आणि चौपट फरक. दोन्ही तक्ते आपापल्या नमुन्यापुरते खरेच असणार, कारण पानाचं वय, हंगाम, जमीन, तोडल्यापासून तपासेपर्यंतचा वेळ, सगळ्याने आकडा हलतो. म्हणून कुणी एकच आकडा छातीठोकपणे सांगितला की मी आधी विचारते, कुठला पाला आणि कधीचा.

२. कोवळं, मधलं आणि जून पान ओळखायचं कसं?

शेवग्याची एक फांदी हातात घ्या आणि शेंड्याकडून खाली या. सगळ्यात वरचा जो पोपटी, मऊ, अजून पूर्ण न उलगडलेला तुरा, तो कोवळा, त्याचा दांडा वाकवला की मट्‌कन तुटतो, धागा निघत नाही. त्याच्या खालची तीन-चार मोठी पानं हिरवी, पूर्ण पसरलेली, दांडा वाकतो पण लगेच मोडत नाही, हे मधलं पान. त्याच्याही खाली गेलात की पानं जाडसर, गडद किंवा किंचित पिवळसर दिसतात, दांडा चिवट, आणि दांड्यावरून बोटं ओढली की पाकळ्यांसारखी बारीक पानं आपसूक हातात येतात. ती जून.

घरच्या भाजीसाठी मी कोवळं आणि मधलं एकत्र घेते. पावडरीसाठी फक्त मधलं.

३. म्हणजे सगळ्यात कोवळा पाला तो सगळ्यात चांगला, बरोबर ना?

हा समज इतका पक्का बसलाय की लोक शेंडे खुडून नेतात आणि खालचा उत्तम पाला शेळीला घालतात. प्रथिनं, मऊपणा, चव यासाठी कोवळा चांगला, हे खरंच आहे. शेवग्याला जो किंचित झणका असतो, मोहरीच्या जवळ जाणारा, तो ग्लुकोसिनोलेट नावाच्या द्रव्यांमुळे येतो आणि तीही वाढत्या कोवळ्या भागात भरपूर असतात, कारण झाडाला कोवळा भागच किड्यांपासून जास्त जपायचा असतो. चहाचंही असंच आहे, दोन पानं नि एक कळी खुडतात ती उगाच नाही, कॅफिन आणि कॅटेचिन तिथेच जास्त असतं.

पण कॅरोटीन हवं असेल, म्हणजे डोळ्यांसाठी, लहान मुलांसाठी, तर अगदी पोपटी पानापेक्षा पूर्ण उमललेलं हिरवंगार पान बरं, कारण कॅरोटीन हरितद्रव्याबरोबरच भरत जातं. कॅल्शियम हवं असेल तर अजून थोडं पुढचं पान. आणि काही झाडांत कोवळं पान हेच धोक्याचं असतं, ते प्रश्न १४ मध्ये बघा.

४. दिवसात किती वाजता तोडायचा? पहाटे की संध्याकाळी?

आधी पानाचं वय बघा, घड्याळ नंतर. वयाने पडणारा फरक मोठा आहे, वेळेने पडणारा त्या मानाने लहान. तरी विचारताच आहात तर सांगते.

रात्रभर झाड पाणी ओढून घेतं, पान टम्म असतं, म्हणून सकाळी तोडलेला पाला जास्त वेळ ताजा राहतो. दिवसभर उन्हात पान साखर बनवतं, ती संध्याकाळपर्यंत साठते, म्हणून संध्याकाळच्या पाल्यात साखर आणि पिष्ट जास्त, पण दुपारच्या उन्हाने पान मलूल झालेलं असतं. भर दुपारी तोडू नये, यात दुमत नाही. पान आधीच तापलेलं असतं, तोडल्यावर भराभर कोमेजतं, आणि सुवासाची झाडं असतील तर वास उडून जातो.

मी भाजीचा पाला सकाळी सात-साडेसातला काढते. वाळवायचा असेल तर दव सुकायची वाट बघते, थंडीत नऊसुद्धा वाजतात, कारण ओला पाला पसरला की काळा पडतो, बुरशी धरतो. रेशीमवाले शेतकरीही तुतीचा पाला दिवस तापायच्या आत काढून घेतात आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवतात, कारण सुकलेलं पान अळी नीट खात नाही.

५. शेवगा छाटल्यावर किती दिवसांनी पाला तोडायला येतो?

पाल्यासाठीच लागवड असेल आणि पाणी असेल तर उन्हाळा-पावसाळ्यात साधारण ३५ ते ४५ दिवसांनी एक तोडा येतो. थंडीत झाड हळू चालतं, तेव्हा तेवढ्याच दिवसांत निम्मीही फूट होत नाही, तिथे दिवस मोजू नका, फूट बघा. नवीन फांद्या हात-दीड हात झाल्या आणि त्यावर मधली पानं (प्रश्न २) पुरेशी दिसली की तोडा.

याहून लवकर तोडलं तर पाला मऊ आणि प्रथिनांनी चांगला मिळतो, पण झाड दमतं, कारण फूट काढायला त्याने मुळाखोडातली साठवण खर्च केलेली असते आणि ती भरून यायच्या आत तुम्ही पानं काढून नेता. दोन-तीनदा असं केलं की फूट बारीक येते. उशिरा तोडलं तर पाला वजनाला जास्त भरतो पण चोथा वाढतो, काड्या जास्त निघतात. घरचं एकच झाड असेल तर सगळं एकदम बोडकं करू नका, एक बाजू आज, दुसरी तीन आठवड्यांनी, म्हणजे वर्षातला बराच काळ मधल्या वयाचा पाला हाताशी राहतो.

शेंगा आणि पाला दोन्ही हवं असेल तर प्रश्न ८.

६. पावसाळ्यात शेवग्याचा पाला खाऊ नये म्हणतात. आणि कोकणात तर गोकुळाष्टमीला मुद्दाम करतात. खरं काय?

हा प्रश्न दर जूनला येतो आणि मला मनापासून आवडतो. आमच्याकडे मालवणला अष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेगलाच्या (शेवग्याला तिकडे शेगल म्हणतात) पाल्याची भाजी असतेच, त्याशिवाय अष्टमी झाली असं वाटत नाही. आई आदल्या संध्याकाळी पाला आणून निवडत बसायची, कांदा नाही, लसूण नाही, नुसती मिरची आणि वर ओलं खोबरं. आणि तिकडे केरळात कर्कटक महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, शेवग्याचा पाला खायचा नाही असं घरोघरी सांगतात, कडू होतो, बाधतो म्हणून. एकाच समुद्राच्या काठावर, एकाच पावसात, दोन उलटे नियम.

पावसाळ्यात पान विषारी होतं असं समजायचं कारण नाही, तसं असतं तर अष्टमीच्या पंगती कधीच बंद पडल्या असत्या. पण पाल्यात बदल होतो हे खरं. फूट जोरात येते, पान पाणीदार असतं, त्यामुळे १०० ग्रॅम ओल्या पाल्यात बाकी सगळंच थोडं पातळ होतं. आभाळ असल्यामुळे ऊन कमी, आणि क्वेरसेटिनसारखी फ्लेव्होनॉइड द्रव्यं पान मुख्यतः उन्हापासून स्वतःला वाचवायला बनवतं, तीही कमी भरतात. प्रथिनं आणि कोवळेपणा मात्र चांगला असतो.

दुसरं कारण मला जास्त पटतं. पावसाळ्यात शेवग्यावर केसाळ अळ्या येतात, खोडावर चिकटून थवाच्या थवा बसतात, त्यांचे केस लागले की अंगाची आग होते. पानाच्या मागे बारीक अळ्या, जाळी, अंडी असतात. झाकोळलेल्या दिवसात घाईघाईने निवडलेल्या पाल्यातून हे पोटात जायचं, मग बाधणारच. म्हणून पावसात खा, पण एकेक डहाळी उलटून बघा, मिठाच्या पाण्यात बुडवून झटका, आणि शिजवूनच खा.

७. उन्हाळ्यात पाणी कमी असताना पाला जास्त गुणकारी असतो हे खरं का?

काही अंशी. कडक ऊन आणि थोडा ताण असला की पान फ्लेव्होनॉइड, टॅनिन यांसारखी बचावाची द्रव्यं जास्त बनवतं, शिवाय पाणी कमी म्हणून सगळं दाट होतं. पण ताण वाढला तर पान लहान, जाड, कडसर होतं, प्रथिनं कमी होतात आणि पाला हाताला लागतच नाही. मुद्दाम झाड तहानलेलं ठेवू नका. उलट्या बाजूने हेही सांगते की युरिया आणि पाणी दाबून दिलेला हिरवाकंच, लुसलुशीत पाला दिसायला देखणा असतो पण ही द्रव्यं त्यात कमी, चवीलाही पुळचट लागतो. सावलीत वाढलेल्या आणि उन्हातल्या फांदीचं पान शेजारी शेजारी ठेवून चावून बघा, जिभेलाच फरक कळतो.

८. झाड फुलावर किंवा शेंगांवर असताना पाला काढला तर चालतं का?

खायला चालतं, झाडाला परवडत नाही. फूल-शेंग धरली की झाडाचं सगळं लक्ष तिकडे, पानात बनलेली साखर आणि नायट्रोजन तिकडेच जातो, आणि नेमकी तेव्हा तुम्ही पानं काढलीत तर फूल गळतं. म्हणून शेंगेसाठी ठेवलेली झाडं वेगळी आणि पाल्यासाठीची वेगळी. आमच्या अकरापैकी चार झाडांना मी शेंगेसाठी हात लावत नाही. शेंगा संपल्यावर छाटणी केली की पावसाच्या तोंडावर जी फूट येते ती वर्षातली सगळ्यात भरघोस.

९. थंडीत पिवळा पडून गळतो तो पाला गोळा करून पावडर केली तर? नाहीतरी वायाच जातो.

नको. झाडाने त्यातलं कामाचं आधीच काढून घेतलंय (प्रश्न १), हरितद्रव्य मोडलंय म्हणून तर तो पिवळा दिसतोय. कॅल्शियम शिल्लक असतं हे खरं, पण त्याबरोबर जमिनीवरची माती, बुरशी, कुत्र्यामांजरांची घाणही असते. झाडाच्याच बुंध्याशी आच्छादन करा, कॅल्शियम मातीत परत जाईल.

१०. पाला तोडल्यावर किती वेळात वापरायचा? आमच्याकडे रात्रभर फडक्यात गुंडाळून ठेवतात, सकाळी पानं आपोआप गळून पडतात.

ही युक्ती सगळ्यांच्याच घरी आहे आणि ज्याने एकदा शेवगा निवडलाय त्याला ती का आहे ते कळतं. संध्याकाळी डहाळ्या सुती फडक्यात घट्ट बांधायच्या, सकाळी गाठोडं सोडून झटकायचं, खाली हिरवा ढीग आणि हातात नुसत्या काड्या. पान तोडल्यावरही श्वास घेत असतं, गाठोड्यात ऊब आणि दमट हवा कोंडते, देठाचा सांधा सुटतो.

पण त्याच ऊबेत सी जीवनसत्त्व भराभर जातं. ते सगळ्यात नाजूक, कोमेजलेल्या पानात आधी तेच कमी होतं. गाठोडं सोडताना आत हात घालून बघा, मधोमध कोमट लागतं, कधीकधी पानं पिवळी झालेली असतात. प्रथिनं, कॅल्शियम, लोह यांना एका रात्रीत फारसं काही होत नाही. म्हणजे भाजीसाठी, आणि तीही शिजवणारच आहात म्हटल्यावर, ही युक्ती चालेल, फक्त गाठोडं लहान बांधा आणि गार जागी ठेवा. पावडर करायची असेल तर मी करत नाही, बसून ओरबाडते, हात हिरवे होतात पण पाला हिरवा राहतो. तोडल्यापासून दोन तासांच्या आत एकतर कढईत नाहीतर वाळवणावर, हा माझा घरचा नियम.

११. उन्हात वाळवू की सावलीत?

सावलीत, वाऱ्यावर, पातळ थरात. ऊन थेट लागलं की कॅरोटीन आणि सी जीवनसत्त्व दोन्ही जातं. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. मे महिन्यात गच्चीवर साडी अंथरून चांगला आठ किलो निवडलेला पाला टाकला, दीड दिवसात कुरकुरीत झाला आणि मला वाटलं किती छान. दळल्यावर पावडर मातकट खाकी निघाली, वासाला वाळलेल्या गवतासारखी. तोडा योग्य वयाचा होता, वेळ योग्य होती, सगळं बरोबर केलेलं ते त्या दीड दिवसात गेलं. तो पाला निवडायला दोन बायकांचा पूर्ण दिवस गेला होता, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता खोलीत, खिडक्या उघड्या, पंखा लावून, सुती कापडावर एका पानाच्या थरात पसरते, दिवसातून दोनदा हलवते. कोरड्या हवेत दोन-तीन दिवस लागतात. ड्रायर असेल तर ५० अंशांच्या वर नेऊ नका. पान चुरलं की कडकड आवाज यायला हवा, चामड्यासारखं वाकलं तर अजून पाणी आहे. पावसाळ्यात घरी वाळवायच्या भानगडीत पडू नका.

ताज्या पाल्यात पाऊण हिश्शाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे एक किलो पावडरीला निवडलेला पाला साडेचार-पाच किलो लागतो, काड्यांसकट तर बराच जास्त.

१२. पाकिटावर लिहिलंय "संत्र्याच्या सातपट व्हिटॅमिन सी". खरं आहे का?

हा आकडा ताज्या पाल्याचा आहे, २२० मिलिग्रॅमवाला (प्रश्न १), तो उचलून पावडरीच्या पाकिटावर चिकटवलाय. पावडरीचा जो तक्ता सगळीकडे फिरतो त्यात १०० ग्रॅमला जेमतेम १७ मिलिग्रॅम दिलेत. आणि १०० ग्रॅम पावडर कोण खातं, आपण खातो चमचाभर. पावडर प्रथिनं, कॅल्शियम, लोह यासाठी घ्या, त्यात ती खरंच दाट आहे. सी जीवनसत्त्वासाठी ताजा पाला, लिंबू, आवळा, पेरू. मला राग येतो तो याचाच, की इतक्या चांगल्या झाडाला खोट्याची गरज नव्हती.

१३. कढीपत्ता कधी तोडला की वास टिकतो?

कढीपत्त्याचं पान उजेडासमोर धरा, आत सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या, वास सगळा तिथे. लालसर-पोपटी शेंड्याला वास हलका आणि जीव कमी, जून चामड्यासारख्या पानात वास दबलेला. पूर्ण उमललेलं, चकचकीत हिरवं पान घ्या, सकाळी, फुलं यायच्या आधीची फूट सर्वात चांगली. थंडीत झाड झोपतं तेव्हा ओरबाडू नका, फाल्गुन-चैत्रात नवी पालवी धरली की पुढे मनसोक्त. पूर्ण डहाळी कापा, एकेक पान ओढू नका, कापलं तिथून दोन फुटवे येतात.

न धुता, कोरड्या फडक्यात, डब्यात, फ्रीजमध्ये. वाळवलेल्या कढीपत्त्यात लोह-कॅल्शियम राहतं पण वास बराचसा उडतो, त्यामुळे चटणीला चालेल, फोडणीला नाही.

१४. शेळ्यांना सुबाभळीचा कोवळा शेंडा घालतो, तो पौष्टिक असतो ना?

पौष्टिक आहे, पण सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते नेमकं वाढत्या शेंड्यात आणि कोवळ्या पानात सगळ्यात जास्त. जास्त खाल्लं तर केस गळतात, थायरॉइडवर परिणाम होतो, जनावर खंगतं. घोड्याची तर शेपटी-आयाळ गळते. म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, आणि कोवळ्या शेंड्यापेक्षा पूर्ण वाढलेला पाला, थोडा सुकवून घाला. ज्वारीचा कोवळा पोंगा खाल्ला की जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे, द्रव्य वेगळं पण रीत तीच, झाड कोवळ्या वयात स्वतःला जपतं.

हवाईमधल्या शेळ्यांच्या पोटात मिमोसिन मोडणारे जिवाणू सापडले आणि १९८० च्या दशकात ते ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या गुरांना दिले, तेव्हा ती गुरं सुबाभूळ पचवायला लागली. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

१५. कडुनिंबाचा पाला पाडव्यालाच का? आणि फवारणीसाठी पाला कधी काढू?

लिंबाची पानगळ माघ-फाल्गुनात होते आणि चैत्राच्या तोंडावर तांबूस पालवी आणि फुलं येतात. ती तांबडी झाक म्हणजे कोवळ्या पानाने उन्हापासून घेतलेलं पांघरूण. तेव्हाचं पान मऊ, त्यातल्या त्यात सोसवेल इतकं कडू, म्हणून गूळ, ओवा, हिंग, चिंच, भिजवलेली चणाडाळ घालून वाटता येतं. आषाढातलं पान तसं खाऊन बघा, घशाखाली उतरत नाही. पाडव्याला चमचाभर ठीक आहे, महिनोन्‌महिने वाटीभर रस पिणं बरोबर नाही, आणि गरोदर बाईने, लहान बाळांना तर नाहीच.

फवारणीचं म्हणाल तर बरेच जण पाल्यावर मेहनत घेतात आणि निंबोळ्या पायाखाली तुडवतात. किडीवर चालणारं अझाडिरॅक्टिन मुख्यतः निंबोळीच्या बीच्या आतल्या गरात असतं, पानात त्या मानाने थोडं. पाऊस सुरू होताना पिवळ्या पिकून पडलेल्या निंबोळ्या वेचा, साल काढून, धुऊन सावलीत वाळवा. पाच किलो भरडीला १०० लिटर पाणी हा ५ टक्के अर्काचा हिशेब. उन्हात हे द्रव्य टिकत नाही म्हणून फवारा संध्याकाळी. दशपर्णी अर्काला पाला लागतोच, तिथे पूर्ण वाढलेला हिरवा पाला घ्या.

१६. शेंगांच्या बागेतला छाटणीचा पाला फुकट मिळतोय, घेऊ का?

आधी विचारा, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. शेंगेसाठी मारलेलं औषध पानावरच बसतं. बाटलीवर फवारणी आणि काढणी यामध्ये किती दिवस ठेवायचे ते लिहिलेलं असतं, पण ते त्या पिकाच्या शेंगेचं किंवा फळाचं, पानाचं नव्हे. नीट उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. हायवेला लागून असलेल्या झाडाचाही नको, धूळ-धूर पानाच्या लवेत बसतो.

१७. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, पाला खाल्ला तर चालेल?

वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज पाला किंवा पावडर सुरू करू नका. हिरव्या पानात के जीवनसत्त्व भरपूर असतं, त्याने गोळीचा परिणाम कमी होतो, आणि आज भरपूर उद्या काहीच नाही असं झालं तर डोस बसवणंच अवघड होतं. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील त्यांनीही आधी विचारावं. गरोदरपणात शेवग्याची साल आणि मूळ वर्ज्य.

१८. आम्ही परदेशात आहोत, इथे ताजा पाला मिळत नाही. फ्रोझन चांगला की पावडर?

फ्रोझन, जर तोडल्यावर लगेच गोठवलेला असेल तर. गोठवण्याने सी जीवनसत्त्व कोमेजण्यापेक्षा बरंच जास्त वाचतं, आणि चार दिवस विमानातून, गोदामातून आलेल्या "ताज्या" पाल्यापेक्षा तोच बरा. पाकिटातली पानं सुटी, हिरवी दिसली पाहिजेत, बर्फाचा गोळा झाला असेल तर मधे वितळून परत गोठलाय. न वितळवता थेट फोडणीत टाका, तेलावर परतलं की कॅरोटीन अंगी लागतं.

कच्चा, ताजा पाला मिळाला तर थोडा ठेचून पाच-दहा मिनिटं ठेवा आणि मग शिजवा. ठेचल्यावर पानातलं मायरोसिनेज नावाचं एन्झाइम त्या झणक्याच्या द्रव्यांवर (प्रश्न ३) काम करतं, सरळ उकळत्यात टाकलं की ते एन्झाइमच मरतं. आई अष्टमीला पाला हाताने चुरडून घ्यायची, मी विचारलं की म्हणायची तशी चव येते.